एओ सिम्युलेशनचा लूप फुटतो, किंवा स्ट्रेल अडकून बसतो: कुठून तपासायला सुरुवात करायची

दुर्बिणीच्या ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचं (एओ, म्हणजे हवेने थरथरणारी प्रतिमा आरशाचा आकार बदलून लगेच सावरण्याचं तंत्र) सिम्युलेशन लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं गाडं एकाच जागी अडतं. वातावरण तयार होतं, तरंगाची विकृती मोजणाऱ्या शॅक-हार्टमन सेन्सरचे ठिपके दिसतात, डिफॉर्मेबल मिरर (आकार बदलणारा आरसा) म्हणजे डीएम हलतो, आणि लूप बंद केला, म्हणजे सेन्सरचं मोजमाप डीएमला जोडून चक्र पूर्ण केलं, की सगळं बिनसतं. विद्यार्थ्यांचे, सहकाऱ्यांचे असे लूप मी बरेच दुरुस्त केलेत. कोड पायथनमधल्या एचसीआयपाय किंवा ओओपाओवर बेतलेला असो, मॅटलॅबच्या ओओमाओवर असो, की स्वतः लिहिलेली एकच लांबलचक फाइल असो, दोष फिरून फिरून त्याच पाच-सहा जागी सापडतो. गेनमध्ये, म्हणजे मोजलेल्या त्रुटीचा किती भाग दर फ्रेमला दुरुस्त करायचा त्या आकड्यात, तो क्वचित असतो. तरी हात सगळ्यांत आधी तिथेच जातो.

आकडे हाताशी असावेत म्हणून एकच नमुना यंत्रणा धरू. दुर्बिणीचा व्यास २ मीटर, व्यासावर ११ सबअपर्चर (सेन्सर पुपिलचे पाडतो ते तुकडे), १२×१२ ॲक्च्युएटरचा (आरसा ढकलणाऱ्या बिंदूंचा) डीएम, सेकंदाला १००० फ्रेम, फ्रीडचा आर-नॉट (हवा जितकी शांत तितकी मोठी येणारी लांबी) ५०० नॅनोमीटरला १० सेंटिमीटर, वारा सेकंदाला १० मीटर, निरीक्षण एच बँडमध्ये म्हणजे १६५० नॅनोमीटरला. हा आकार हवेतून काढलेला नाही. कॅलटेक आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने मिळून पालोमारच्या १.५ मीटर दुर्बिणीवर २०११ मध्ये रोबो-एओ बसवलं, त्यातला मेम्स (चिपसारखा बनवलेला सूक्ष्म) डीएमही १२×१२ चाच होता. आणि जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची जी दुर्बीण आहे ती २ मीटरची. इतक्या छोट्या यंत्रणेचं सिम्युलेशन साध्या लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे दोष शोधायला ती उत्तम. तुमची दुर्बीण ३० मीटरची असली तरी आधी २ मीटरवर उतरा.

लक्षणं

आपलं दुखणं यातलं कुठलं ते आधी ठरवा. दोन लक्षणं एकत्रही दिसू शकतात.

- लूप बंद केल्यावर थोड्याच फ्रेममध्ये डीएमच्या आज्ञा भडकतात आणि मग सगळीकडे ‘नॅन’ (आकडाच नाही) छापलं जातं.
- स्ट्रेल (आदर्श प्रतिमेच्या तुलनेत शिखर किती उजळ; १ म्हणजे परिपूर्ण) सुरुवातीला छान चढतो, काही शे फ्रेमनंतर हळूहळू घसरतो. डीएमचा आकार काढून पाहिला तर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटलेली असते आणि पीएसएफच्या (ताऱ्याच्या प्रतिमेच्या) चार कोपऱ्यांत चार जादा ठिपके दिसतात.
- लूप अगदी शांत, पण स्ट्रेल अपेक्षेच्या निम्म्यावर बसलेला. गेन वाढवला की डळमळतो, कमी केला की आणखी खाली जातो.
- प्रत्येक रनमध्ये ठरावीक सेकंदाला धक्का बसतो आणि लूप परत सावरतो.
- पिक्सेलची संख्या बदलली की उत्तर बदलतं.
- स्ट्रेल फारच चांगला येतो. याची तक्रार घेऊन कोणी येत नाही, पण मला सगळ्यांत जास्त धास्ती याचीच वाटते. लूप फुटला तर निदान कळतं तरी.

आधी कागदावर हिशेब

खर्च शून्य. तरीही निम्मे लोक तो केलेला नसताना ‘स्ट्रेल कमी येतोय’ म्हणतात. कशाच्या तुलनेत कमी?

डीएमला जे बारीक तपशील दुरुस्त करता येत नाहीत त्यांची त्रुटी, म्हणजे फिटिंग एरर, सलग पृष्ठभागाच्या डीएमसाठी साधारण ०.२८ गुणिले (सबअपर्चरची रुंदी भागिले आर-नॉट) चा ५/३ घात. आपल्या नमुन्यात रुंदी १८ सेंटिमीटर, म्हणून उत्तर ५०० नॅनोमीटरला ०.७६ रेडियन वर्ग, म्हणजे आरएमएस सुमारे ६९ नॅनोमीटर. आता उशीर. वातावरणाचा सुसंगती काळ टाउ-नॉट म्हणजे ०.३१४ गुणिले आर-नॉट भागिले वारा, इथे ३.१ मिलिसेकंद. मोजणं आणि डीएम हलणं यांत एकूण दोन फ्रेम म्हणजे २ मिलिसेकंद जात असतील तर (२ भागिले ३.१४) चा ५/३ घात, म्हणजे ०.४७ रेडियन वर्ग. बेरीज १.२३ रेडियन वर्ग, आरएमएस ८८ नॅनोमीटर. मारेशालच्या सूत्राने स्ट्रेल म्हणजे e चा उणे (त्रुटी, रेडियन वर्गात) इतका घात: ५०० नॅनोमीटरला ०.२९, एच बँडला ०.८९.

इंटिग्रेटर, म्हणजे जुन्या आज्ञेत दर फ्रेमला थोडी भर घालणारं नियंत्रण, शुद्ध उशिरापेक्षा जास्त मागे पडतो, शिवाय अलायसिंग (बारीक विकृती सेन्सरला मोठी भासणं) आणि सेन्सरचा नॉइज आहेच. म्हणून एच बँडला ०.८० ते ०.८७ आला तर तुमच्या कोडला काही झालेलं नाही, घरी जा. ०.४ आला तर पुढे वाचा. ०.९७ आला तरी पुढे वाचाच. आणि दृश्य प्रकाशात ०.२५ आला म्हणून घाबरू नका, छोट्या यंत्रणेला तिथे तेवढंच जमतं.

स्ट्रेल नीट मोजताय का

पाच मिनिटांचं काम. पुपिलवरचा (दुर्बिणीच्या उघड्या तोंडावरचा) उरलेला फेज घ्या, त्यातून पिस्टन म्हणजे सरासरी वजा करा, उरलेल्याचा व्हेरियन्स काढा आणि मारेशालने स्ट्रेल काढा. दुसरीकडे पीएसएफच्या शिखरावरून स्ट्रेल काढा. बरी दुरुस्ती झालेली असताना हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. जुळले नाहीत तर दोष लूपमध्ये नाहीच, मापात आहे.

नेहमीचे गुन्हेगार: पिस्टन काढलेला नसतो. आदर्श पीएसएफ वेगळ्या ग्रिडवर किंवा वेगळ्या पॅडिंगने काढलेला असतो. फूरिये रूपांतराआधी पुपिलभोवती निदान दुप्पट जागा शून्यांनी भरलेली नसते, त्यामुळे पीएसएफचं सँपलिंग अपुरं पडतं आणि शिखर दोन पिक्सेलच्या मध्ये हरवतं. दीर्घ एक्स्पोजरच्या बेरजेत लूप स्थिरावण्याआधीच्या फ्रेमही मिसळलेल्या असतात. त्या काढून टाकल्यावर बरेच जण इथूनच परततात.

वातावरण बंद करा, एकच मोड द्या

सगळ्या तपासण्यांतली एकच करायला वेळ असेल तर ही करा.

वातावरण पूर्ण बंद. नॉइज बंद. सपाट तरंग आत सोडा, लूप चालवा: स्ट्रेल १ वरच राहायला हवा. तो सपाट तरंगावरही ढळत असेल तर रेफरन्स स्लोप (सपाट तरंगाला सेन्सर दाखवतो ते उतार) वजा करायचे राहिलेत, किंवा ते वेगळ्याच थ्रेशोल्डने (ज्याहून फिके पिक्सेल सोडून देतात ती पातळी) मोजलेत.

आता डीएमला जमणाराच एखादा मोड (विकृतीचा ठरावीक आकार), उदाहरणार्थ डीफोकस, ५० नॅनोमीटर उंचीचा, स्थिर विकृती म्हणून समोर ठेवा. गेन ०.५. लूप बंद करा आणि प्रत्येक फ्रेमला त्या मोडचं उरलेलं मूल्य, सुरुवातीच्या मूल्याने भागून, छापा. आलेख नको, आकडेच बघा.

एकूण उशीर एका फ्रेमचा असेल तर असं दिसेल: १, ०.५, ०.२५, ०.१२५. दर फ्रेमला निम्मं.

उशीर दोन फ्रेमचा असेल तर: १, १, ०.५, ०, −०.२५, −०.२५, −०.१२५, ०. थोडं पलीकडे जाऊन परत येतं. हे बरोबरच आहे, दोष नाही.

तीन फ्रेमचा असेल तर: १, १, १, ०.५, ०, −०.५, −०.७५, −०.७५. झोका मोठा, आणि मरतो फार सावकाश.

म्हणजे कोडमध्ये उशीर किती हे तुम्ही काय समजता ते बाजूला ठेवा, पहिल्या चार आकड्यांत तो लिहिलेला असतो. उशीर हा कोडच्या ओळींच्या क्रमावर ठरतो, म्हणून इथे घोळ फार होतो. ओओपाओच्या नमुना लूपमध्ये आज्ञा काढल्यानंतर नवे स्लोप साठवले जातात, त्यातून दोन फ्रेमचा उशीर येतो. कोणीतरी ‘नीटनेटकं’ करायला त्या दोन ओळींची अदलाबदल केली की उशीर एक फ्रेमने घटतो, आणि निकाल अचानक सुधारतो. डीएम हलवल्यावर, पण वातावरण पुढे सरकवण्याआधी स्ट्रेल मोजला तरी तसंच होतं. फारच चांगल्या स्ट्रेलचं सगळ्यांत सामान्य कारण हेच.

आता बिघडलेल्या ओळी. १, १.५, २.२५ असं वाढत गेलं तर चिन्ह उलटं आहे. १, ०.७५, ०.५६ आलं तर गेन नकळत निम्मा झालाय. १, ०, ०, ० आलं, किंवा दोन फ्रेमच्या उशिरात १, १, ०, −१, −१, ० असा कधीच न मरणारा सहा फ्रेमचा झोका आला, तर गेन दुप्पट झालाय.

हा दोनचा गुणक दोन ठिकाणांहून येतो. पहिलं ठिकाण परावर्तन: आरशाचा पृष्ठभाग ५० नॅनोमीटर उचलला की प्रकाशाचा मार्ग १०० नॅनोमीटरने बदलतो. एचसीआयपायमध्ये डीएमचा पृष्ठभाग आणि मार्गफरक हे दोन वेगळे गुणधर्म आहेत आणि दुसरा पहिल्याच्या दुप्पट असतो. एक जागी हा आणि दुसऱ्या जागी तो वापरला की संपलं. दुसरं ठिकाण पुश-पुल कॅलिब्रेशन: ॲक्च्युएटर आधी पुढे, मग मागे ढकलून स्लोपची वजाबाकी करतो तेव्हा भागाकार ढकलण्याच्या दुपटीने करायचा असतो. एकपटीने केला तर इंटरॅक्शन मॅट्रिक्स (कुठला ॲक्च्युएटर ढकलल्यावर सेन्सर काय दाखवतो त्याचं कोष्टक) दुप्पट, त्याचा व्यस्त निम्मा, आणि लूप मरगळलेला. अशा लूपला लोक गेन ०.९ देऊन मार्गी लावतात आणि मग दुसऱ्या कोणाला ‘आमच्याकडे ०.९ चालतो’ असं सांगतात.

एक सवलत आहे. इंटरॅक्शन मॅट्रिक्स त्याच कोडमध्ये, त्याच डीएम आणि सेन्सरने मोजला असेल तर चिन्ह, अक्षांची अदलाबदल, परावर्तनाचा दोन हे सगळं आपसूक कटतं. मॅट्रिक्स फाइलमधून, दुसऱ्या भाषेतून किंवा सूत्राने आणला असेल तर मात्र काहीच कटत नाही. मॅटलॅब आकडे स्तंभाने साठवतं, पायथनचं नमपाय सहसा ओळीने. एकाचा मॅट्रिक्स दुसऱ्यात नेताना एक्स आणि वाय बदलून जातात. डीफोकससारख्या गोल मोडला ते कळतही नाही, म्हणून हीच परीक्षा टिप, टिल्ट (दोन दिशांचा सरळ कल) आणि एका कोपऱ्यातल्या एकट्या ॲक्च्युएटरवरही करा.

या परीक्षेत लूप सरळ वागला तर सेन्सर, डीएम, मॅट्रिक्स आणि नियंत्रण हे चौघेही लहान विकृतीपुरते निर्दोष आहेत. उरला दोष वातावरणाचा, मोठ्या विकृतीचा किंवा नॉइजचा.

आर-नॉट कुठल्या तरंगलांबीला दिलाय

आर-नॉट तरंगलांबीच्या ६/५ घाताने वाढतो. ५०० नॅनोमीटरला १० सेंटिमीटर म्हणजे एच बँडला ४२ सेंटिमीटर. पॅकेज विचारतं एका तरंगलांबीचा, आपण देतो दुसऱ्या. १० सेंटिमीटर हा एच बँडचा आर-नॉट म्हणून गेला तर प्रत्यक्ष विकृती आरएमएस ३.३ पट होते, म्हणजे १६५० भागिले ५००. हा ३.३ कुठेही दिसला की पहिला संशय इथे.

याच जातीचे आणखी काही घोळ. फेज स्क्रीन (हवेच्या विकृतीचा नकाशा) रेडियनमध्ये आहे की मीटरमध्ये? रेडियनमधली स्क्रीन कुठल्या तरंगलांबीची? माझा आग्रह असा की कोडच्या पोटात सगळं मीटरमधल्या मार्गफरकातच ठेवावं आणि रेडियन फक्त फूरिये रूपांतराच्या आदल्या ओळीत करावं. हवेचे अनेक थर असतील तर आर-नॉट थरांत वाटला गेला पाहिजे. तिन्ही थरांना पूर्ण १० सेंटिमीटर दिले तर एकूण व्हेरियन्स तिप्पट होतो आणि खरा आर-नॉट ५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. थरांच्या वजनांची बेरीज १ आहे ना, एवढं छापून बघा. तारा डोक्यावर नसेल तर आर-नॉट शिरोकोनाच्या कोसाइनच्या ३/५ घाताने घटतो, ६० अंशांना सुमारे ०.६६ पट. काही पॅकेज हे स्वतः करतात, काही नाही. दोघांनीही केलं तर दोनदा होतं.

स्क्रीन खरंच कोल्मोगोरोव्ह आहे का

कोल्मोगोरोव्ह म्हणजे हवेच्या खळबळीचं नेहमीचं मॉडेल. इथपर्यंत आलात तर अर्धा दिवस राखून ठेवा.

डीएम सपाट ठेवून पुष्कळ वेगवेगळ्या सीडच्या (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या) स्क्रीन घ्या, पुपिलवर प्रत्येकीचा व्हेरियन्स काढा, सरासरी घ्या. १९७६ मध्ये नॉलने दिलेले आकडे ताडून पाहायला आहेतच: पिस्टन काढल्यावर १.०३ आणि टिप-टिल्टही काढल्यावर ०.१३४, दोन्ही गुणिले (व्यास भागिले आर-नॉट) चा ५/३ घात. आपल्या नमुन्यात ५०० नॅनोमीटरला पहिला सुमारे १५२ रेडियन वर्ग म्हणजे ९८० नॅनोमीटर, दुसरा सुमारे २० रेडियन वर्ग म्हणजे ३५४ नॅनोमीटर. हे आकडे आउटर स्केल (हवेतल्या सगळ्यांत मोठ्या भोवऱ्यांचा आकार) अनंत धरून आहेत. २५ मीटर दिला असेल तर पहिला बराच घटतो, दुसरा फार हलत नाही. म्हणून आधी दुसरा जुळवा.

दुसरा जुळला आणि पहिला आउटर स्केल प्रचंड ठेवूनही फार कमी आला, तर स्क्रीन साध्या फूरिये पद्धतीने बनवलीय आणि तिच्यात स्क्रीनच्या लांबीपेक्षा मोठ्या लाटाच नाहीत. टिल्ट मुख्यतः त्या लाटांतूनच येतो. उपाय दोन: सबहार्मोनिक्स (स्क्रीनपेक्षा लांब लाटा) मिळवा, किंवा स्क्रीन पुपिलच्या कितीतरी पट मोठी बनवून मधला तुकडा वापरा. एकाच स्क्रीनवरून निर्णय मात्र घेऊ नका. टिल्टचा व्हेरियन्स एका स्क्रीनपासून दुसरीपर्यंत कुठल्या कुठे जातो.

ठरावीक सेकंदाला बसणारा धक्काही इथलाच. ५० मीटरची स्क्रीन १० मीटर वेगाने ५ सेकंदांत संपते. फूरिये पद्धतीच्या स्क्रीनचं एक टोक दुसऱ्याला गुळगुळीत जुळतं, म्हणून निव्वळ गुंडाळलीत तर धक्का बसत नाही, पण तेच वातावरण पुन्हा येतं आणि दीर्घ एक्स्पोजर खोटं बोलतं. सबहार्मोनिक्स मिळवलेले असतील तर टोकं जुळत नाहीत आणि शिवण पुपिलवरून जाताना लूप दचकतो. लांब रनसाठी कडेला नव्या ओळी जोडत जाणारी अनंत स्क्रीनची पद्धत वापरा. एचसीआयपायमध्ये ती तयारच मिळते.

वाऱ्याने एका फ्रेममध्ये स्क्रीन किती पिक्सेल सरकते तेही पाहा. आपल्या नमुन्यात फ्रेममागे १ सेंटिमीटर. पिक्सेल २.३ सेंटिमीटरचा असेल आणि कोड पूर्ण पिक्सेलच सरकवत असेल तर वातावरण दोन फ्रेम गोठून तिसऱ्याला उडी मारतं. पिक्सेलची संख्या बदलली की उत्तर बदलतं ते बहुतेक वेळा यामुळे. इंटरपोलेशन लावा.

सेन्सरचे ठिपके डोळ्यांनी बघा

एकच चित्र काढा: लूप उघडा असताना, वातावरण चालू असताना, सगळ्या सबअपर्चरचे ठिपके. १८ सेंटिमीटरच्या सबअपर्चरवर एका अक्षातला टिल्ट आपल्या नमुन्यात आरएमएस सुमारे ०.४ आर्कसेकंद असतो. ठिपका तिप्पट अंतरापर्यंत भटकतो असं धरलं तर प्रत्येक बाजूला १.२, शिवाय त्याची स्वतःची रुंदी. म्हणजे सबअपर्चरचं दृष्टिक्षेत्र २ आर्कसेकंद असेल तर काही ठिपके बाहेर पडणारच. प्रत्यक्ष कॅमेऱ्यात बाहेर पडलेला ठिपका हरवतो किंवा शेजारी घुसतो. सिम्युलेशनमध्ये त्याहून वाईट घडतं: फूरिये रूपांतरात तो उजव्या कडेने बाहेर पडून डाव्या कडेने आत येतो, सेंट्रॉइडचं (ठिपक्याच्या मोजलेल्या मध्याचं) चिन्ह उलटतं, आणि लूप त्या जागी पूर्ण जोराने उलट ढकलतो. लहान विकृतीला सरळ वागणारा लूप वातावरण चालू करताच फुटतो तेव्हा मी आधी हेच तपासतो. दृष्टिक्षेत्र वाढवा, किंवा पहिल्या काही फ्रेम गेन ०.१ ठेवून, टिप-टिल्ट आधी बसवून मग वाढवा.

सेंट्रॉइडचा थ्रेशोल्ड कॅलिब्रेशनच्या वेळी आणि लूपमध्ये एकच ठेवा. अंधूक ताऱ्यासाठी तो बदलला की सेन्सरची संवेदनशीलता बदलते, म्हणजे पुन्हा गेनच बदलतो.

लेझर तारा वापरत असाल तर एक जादा प्रश्न: लेझरच्या सेन्सरमधून टिप-टिल्ट काढून टाकलाय का? लेझर त्याच हवेतून वर जातो आणि खाली येतो, म्हणून तो खरा टिल्ट दाखवू शकत नाही. त्यासाठी नैसर्गिक तारा लागतो. सिम्युलेशनमधल्या लेझरला मात्र टिल्ट छान दिसतो, आणि स्ट्रेल फुकटात वाढतो. त्यातून रोबो-एओसारखा ३५५ नॅनोमीटरचा रॅले लेझर असेल तर प्रकाश काही किलोमीटर उंचीवरूनच परततो. शंकूबाहेरची हवा त्याला दिसतच नाही, ती त्रुटी वेगळी मोजा.

इंटरॅक्शन मॅट्रिक्स आणि ती पटाची नक्षी

सबअपर्चरच्या चार कोपऱ्यांवर ॲक्च्युएटर, या फ्रीडच्या मांडणीत एक आड एक ॲक्च्युएटर वर-खाली झाले तर प्रत्येक सबअपर्चरमध्ये सरासरी उतार शून्य येतो. सेन्सरला ती नक्षी दिसत नाही, त्यामुळे लूप ती पुसतही नाही. नॉइज फ्रेमगणिक तिच्यात थोडी थोडी भर घालत राहतो आणि काही शे फ्रेमनंतर ती पीएसएफमध्ये उगवते. याला वॅफल म्हणतात.

मॅट्रिक्सची सिंग्युलर मूल्यं लॉग मापावर काढा. शेवटची काही मूल्यं कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेलेली दिसतील, ती कापा. किती कापायची याचा ठोकताळा देत नाही, कारण कडा प्रत्येक मांडणीत वेगळ्या जागी येतो, पण तो डोळ्यांना दिसतो. इंटिग्रेटर थोडा गळका ठेवा, म्हणजे जुन्या आज्ञेला १ ऐवजी ०.९९ ने गुणा. त्याहून चांगलं म्हणजे ॲक्च्युएटरऐवजी हवेच्या आकडेवारीवरून काढलेल्या कारहुनेन-लोव मोडमध्ये काम करा आणि शेवटचे मोड घेऊच नका.

कडेचे सबअपर्चर हे दुसरं दुखणं. दहा टक्केच प्रकाश असलेला सबअपर्चरही मोजमापात धरला तर त्याचा नॉइज कडेच्या ॲक्च्युएटरना नाचवतो. निम्म्याहून कमी उजेड असलेले वगळून बघा. ढकलण्याची उंची २० ते ५० नॅनोमीटर ठेवा. मायक्रोमीटरभर ढकललंत तर सेन्सर रेषीय राहत नाही. पिरॅमिड सेन्सरला ही काळजी दुप्पट, कारण वातावरण चालू झाल्यावर त्याची संवेदनशीलता कॅलिब्रेशनच्या वेळेपेक्षा घटते. तिथे गेन मोडनिहाय दुरुस्त करावा लागतो, एका आकड्याने भागत नाही.

आता गेन

शुद्ध इंटिग्रेटरसाठी स्थिरतेची कमाल मर्यादा: एका फ्रेमच्या उशिराला २, दोनला १, तीनला ०.६२. व्यवहारात यांच्या निम्म्याखाली राहा. दोन फ्रेमच्या लूपला ०.३ ते ०.५ हा नेहमीचा पट्टा. आधीच्या सगळ्या तपासण्या पास झाल्या असतील तर इथे तुमचा लूप मुकाट्याने बंद होतो. ०.१ वरही फुटत असेल तर गेन आणखी खाली नेऊन काही मिळणार नाही. मागे जा, एका मोडची परीक्षा पुन्हा करा.

कुठे थांबायचं

पॅकेजच्या स्वतःच्या नमुना फाइलमध्ये, एकही ओळ न बदलता, तोच दोष दिसला तर पॅकेज सांभाळणाऱ्यांकडे जा. सोबत चाळीसेक ओळींचं उदाहरण, आवृत्तीचा क्रमांक आणि वापरलेला सीड द्या. आपला सगळा प्रकल्प पाठवलात तर तो कोणी उघडणार नाही.

अनेक लेझर ताऱ्यांची टोमोग्राफी, आरशाच्या कंपनांसाठी भाकीत करणारं नियंत्रण, किंवा ग्राफिक्स कार्डांवर वाटून चालणारं ३० मीटर वर्गाचं सिम्युलेशन असेल आणि २ मीटरचा साधा लूप नीट चालत असेल, तर पुढचं काम नियंत्रणशास्त्र जाणणाऱ्या माणसाचं आहे. तिथे चाचपडण्यात महिने जातात. सिम्युलेशनच्या आकड्यांवर डीएम किंवा कॅमेरा विकत घ्यायचा असेल तर वेगळ्या पॅकेजने, वेगळ्या माणसाकडून तोच हिशेब करून घ्या, लूप कितीही सुरेख चालत असला तरी.

आणि सिम्युलेशनमध्ये काढलेला मॅट्रिक्स प्रयोगशाळेतल्या खऱ्या डीएमवर स्वतःहून चढवू नका. मेम्स डीएमचा पडदा काही मायक्रोमीटरच हलतो, व्होल्टेजची मर्यादा ओलांडली की ॲक्च्युएटर कायमचा जातो, आणि एकट्या ॲक्च्युएटरची दुरुस्ती होत नाही. सिम्युलेशनमध्ये आज्ञेला कमाल मर्यादा घातलेली नसते, म्हणून उलट्या चिन्हाचा लूप तिथे निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्ष यंत्रावर तो सेकंदाच्या आत टोकाला पोचतो. तिथे ड्रायव्हरमध्ये मर्यादा बसवून देणारा, त्या प्रयोगशाळेचा जबाबदार इंजिनीअर शेजारी उभा असल्याशिवाय बटण दाबायचं नाही.